थंड बॉयलरचा काटा

१

माझं काम काटे तपासण्याचं. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, कॅलिब्रेशन विभागात, मला चौदा वर्षं झाली. टाकीवरचा, पाइपवरचा, बॉयलरवरचा दाबाचा काटा काढून आणायचा, आमच्याकडच्या प्रमाण मापकाशेजारी लावायचा, दोघांतला फरक लिहायचा आणि ठीक असेल तर हिरवं स्टिकर चिकटवायचं. या कामात अंदाजाला जागा नसते. काटा हलला तर त्याच्यामागे दाब असतो, आणि दाब असेल तर त्याच्यामागे काहीतरी असतं.

नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आई गेल्यापासून तिथं मी आणि बाबा दोघंच राहत होतो. बाबांचं नाव नृसिंह. भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. जिल्ह्यातले निम्मे बांध त्यांनी पायांनी पाहिले होते, आणि आता आमचे दोन जिने चढताना ते तीनदा थांबायचे. फुफ्फुसांचा जुना आजार. दिवसातून तीनदा बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि दिवसातून दोनदा पंप ओढायचा. पंप ओढून ओढून त्यांच्या जिभेची चव गेली होती. आमटी, आंबा, श्रीखंड, सगळं त्यांना सारखंच लागायचं. कडू तेवढं कळायचं.

एकदा पुण्याला तपासणीसाठी गेलो होतो, तेव्हा दवाखान्याशेजारच्या दुकानात त्यांनी एस्प्रेसो घेतली. इवलासा कप, त्यात दोन घोट काळीभोर कॉफी. पहिला घोट त्यांनी जिभेवर घोळवला. मग म्हणाले, "मनू, ही लागते गं मला."

म्हणून मी घरी ठेवण्यासारखं जुनं मशीन शोधायला लागले. बिघडलेलं असलं तरी चालणार होतं. दुरुस्ती मला येते.

२

मशीन मिळालं ते कोल्हारला. फेब्रुवारीतला रविवार होता. रस्त्यापासून थोडं आत, उसाला लागून नवं बांधलेलं घर. मशीन विकणाऱ्या सहादेवकाकांनी मला बैठकीत बसवलं. साठीचे असतील, धिप्पाड, पण बोलताना खाली बघणारे. मशीन कोपऱ्यातल्या टेबलावर खताच्या रिकाम्या गोणीखाली झाकून ठेवलं होतं. गोणी काढली आणि मला बरं वाटलं. परदेशी बनावटीचं, जाड स्टीलचं. समोर कॉफीचा दांडा बसवायची जागा, शेजारी दूध फेसाळायची वाफेची नळी, नळी उघडबंद करायची काळी मूठ, आणि मधोमध बॉयलरचा दाब दाखवणारा गोल काटा.

"चालू हाय का न्हाई ते आमाला सांगता यायचं न्हाई," सहादेवकाका म्हणाले. "पोराचं हुतं. हर्षलचं. घरून काम करायचा, तवा पुण्याहून आनलं त्यानं."

भिंतीवर तिशीतल्या मुलाचा फोटो होता, त्याला हार. काकांनीच सांगितलं, "श्रावनात गेला."

त्यांच्या पत्नी, मुक्ताबाई, पाणी घेऊन आल्या. तांब्या माझ्या हातात देऊन तिथंच उभ्या राहिल्या.

"घरी कोन कोन असतं तुमच्या?"

"मी आणि वडील."

"त्यांची तब्येत?"

"दम्यासारखा आजार आहे. त्यांच्यासाठीच नेतेय हे. त्यांना कॉफी आवडते."

मुक्ताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "देऊ नका वो ह्यांना."

"तू आत जा."

"वडील आजारी हायेत म्हनती ती."

"आत जा म्हनलं ना!"

त्या आत गेल्या. लेकराची वस्तू घराबाहेर जाताना आईच्या जिवाला लागतंच, असं मी मनाशी म्हटलं. काकांनी एकट्यानं मशीन उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि मी फाटकाबाहेर पडायच्या आतच पाठ फिरवली.

३

बिघाड साधा निघाला. पंप गुरगुरायचा, पण पाणी पुढं जायचं नाही. मागचं पत्र्याचं झाकण काढलं तर आत सगळीकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. बॉयलर सोडवून काढला, कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात एक अख्खा दिवस बुडवून ठेवला. थर पापुद्र्यांनी सुटला. व्हॉल्व्ह अडकला होता, तो घासून मोकळा केला. दांड्याच्या वरची रबरी रिंग लाकडासारखी कडक झाली होती. तशी रिंग आमच्या कारखान्यातल्या गहिनीनाथनं कुठूनतरी पैदा करून दिली. गहिनीनाथ आमच्याकडे फिटर आहे, पारनेरच्या बाजूचा. त्याला न सापडणारी रिंग अजून कुणी बनवलेली नाही.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि मी काढलेले स्क्रू ओळीनं मांडायचे.

"कुठला कुठं बसतो ते लक्षात राहील ना?"

"तुम्ही मांडताय ना."

राहता राहिली ती वाफेची नळी. तिच्या टोकाला चार बारीक भोकं असतात, दूध वाळून ती नेहमीच बुजतात. मी सुई घातली. सुई वाकली. ते दूध नव्हतं. नळाला गळती लागली की लावतात तशी राखाडी लांबी होती, वाळून दगड झालेली. गळती थांबवायला बाहेरून थापलेली वाटत नव्हती. चारही भोकांतून आत ढकलून, वरून अंगठ्यानं गुळगुळीत केलेली होती. अंगठ्याचा ठसा तिच्यावर स्वच्छ उमटला होता. बाईमाणसाच्या अंगठ्याएवढा.

मी एक मिलिमीटरचं ड्रिल लावून ती कोरून काढली. शेवटचं भोक मोकळं झालं तेव्हा नळीतून माझ्या बोटांवर हवा आली. जोरात नाही, हळूच. जराशी ऊबदार. साठून राहिलेला दाब असेल, म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, केडगाव मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं. बॉयलर आदल्या दिवशी मी उघडा करून धुतला होता. तो अजून मशीनला जोडलेलाही नव्हता. नळी दोन्ही बाजूंनी मोकळी माझ्या हातात होती. दाब साठून राहायला जागाच नव्हती.

मी खिडकीबाहेर बघत बसले. लांबी कोरताना ड्रिल तापतं, नळीतली हवा तापते, तापलेली हवा फुगते. इतकं उत्तर मला पुरलं.

४

पहिले तीन आठवडे चांगले गेले. सकाळी सात वाजता मी मशीन चालू करायचे, काटा एकाच्या थोडा पुढं जाऊन थांबायचा, आणि बाबा कप हातात घेऊन तो नाकाशी धरायचे. त्यांना वासही यायला लागला होता. आमच्याकडे धुणंभांडी आणि बाबांचं दुपारचं जेवण बघायला बनुबाई येतात. त्यांच्याकडे घराची किल्ली असते. त्यांनाही बाबांनी एकदा कॉफी पाजली. "नाना, ह्ये औषद बिनपैशाचं दिलं तरी नगं," असं म्हणून त्यांनी तोंड धुतलं. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

मशीन बंद करताना एक गोष्ट पाळावी लागते. बॉयलर थंड व्हायला लागला की आतली वाफ आकसते आणि नळीचं टोक जिथं असेल तिथून तो ओढून घेतो. हवा असेल तर हवा, दूध असेल तर दूध. म्हणून वाफेची मूठ अर्धा फेरा उघडी ठेवायची. तसं केलं की दोन मिनिटं नळीतून बारीक सूं आवाज येतो आणि मग शांत होतं.

मार्चच्या शेवटी बाबांना ताप आला. डॉक्टरांनी औषधं बदलली, कॉफी बंद केली. मी मशीनची वायर काढली, टाकी रिकामी करून पालथी घातली, मूठ अर्धी उघडी ठेवली आणि वर रुमाल टाकला.

आठ दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी चहा टाकत होते. रुमाल घसरला होता. सवयीनं माझी नजर काट्यावर गेली.

काटा शून्याच्या किंचित वर होता. मग शून्यावर आला. मग पुन्हा वर गेला.

मी गॅस बंद केला. फ्रिजची मोटर हादरे देत असेल म्हणून फ्रिजचं बटण बंद केलं. पंखा बंद केला. काटा हलत राहिला. केसाएवढा वर, क्षणभर थांबून खाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. मिनिटाला चोवीस वेळा.

हॉलमधून बाबांनी विचारलं, "मनू, पंखा का बंद केलास?"

"काही नाही, बाबा."

५

सोमवारी मी कारखान्यातून अंकी प्रमाण मापक घरी आणला. वर्षभर मी दुसऱ्यांचे काटे त्याच्यावर तपासते, तो चुकत नाही. बॉयलरच्या वरच्या जोडाला तो लावला. आकडा अधिक चार मिलिबार झाला, शून्य झाला, पुन्हा अधिक चार. मशीनचा काटा आणि माझा मापक बरोबरीनं चालत होते.

म्हणजे काटा बिघडलेला नव्हता. वायर नसलेल्या, पाणी नसलेल्या, मूठ उघड्या असलेल्या बॉयलरमध्ये खरोखर दाब वाढत होता आणि उतरत होता.

मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गहिनीनाथला दाखवला. कुठलं मशीन ते सांगितलं नाही. तो घास हातात धरून बघत राहिला.

"हवेचा दाब बदलत असेल का रे, खोलीतला?" मी विचारलं.

"दार उघडझाप झाल्यानं? एवढं नेमानं?" त्यानं मोबाईल जवळ घेतला. "मॅडम, ह्यो तर दम घेतोय. वर जायाला येळ कमी, खाली यायाला जास्त. आमच्या आज्याला दमा हुता. त्यो असाच घ्यायचा."

मी मोबाईल परत घेतला.

घरी आले तेव्हा बाबा दिवाणावर झोपले होते. मी त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसले. एका हातात घड्याळ. त्यांच्या पांघरुणाचा वरखाली होणारा काठ मोजला. चोवीस. स्वयंपाकघरात जाऊन काटा मोजला. चोवीस. चोवीस हा आकडा कशाचाही असू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं. मग मी असं केलं की हॉलमधला आरसा काढून स्वयंपाकघराच्या दारात टेकवला, म्हणजे एका जागी बसून दोन्ही दिसतील. पाच मिनिटं बसले. बाबांनी झोपेत एक लांब उसासा टाकला. आरशात काटा वर गेला, तिथं रेंगाळला आणि सावकाश खाली आला.

मी आरसा परत भिंतीवर लावला. खिळा पटकन सापडेना.

६

पुढं जे केलं ते मी करायला नको होतं. पण एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीबरोबर हलते म्हणजे ती दुसरीमुळे हलते असं नसतं. ते ठरवायला एकीला अडवून दुसरीकडे बघावं लागतं. आम्हाला हेच शिकवलेलं असतं.

बुधवारी मी रजा घेतली. सकाळचे दहा वाजले होते. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते, चांगले होते, ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णव. बनुबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, वाफेच्या नळीचं टोक चिमटीत धरलं आणि चारही भोकांवर बोट दाबलं.

काटा वर जाता जाता थांबला.

त्याच क्षणी हॉलमध्ये पेपर खाली पडल्याचा आवाज आला. खोकला नाही, हाक नाही. नुसता पेपर. मी बोट काढलं आणि धावले. बाबा खुर्चीचे दोन्ही हात धरून पुढं वाकले होते, तोंड उघडं, डोळे मोठे. माझ्याकडे बघून त्यांनी लांब, फाटका श्वास आत घेतला. मग दुसरा.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही." त्यांना बोलायला वेळ लागला. "एकदम... हवाच संपल्यासारखी झाली गं. खोलीतली."

मी त्यांची पाठ चोळत राहिले. ते माझीच समजूत घालत होते, होतं असं कधीकधी, घाबरू नकोस. माझ्या बोटाच्या पेरावर चार भोकांचे ठसे होते. मी तो हात पाठीमागं लपवला.

त्या दुपारी मी जिन्यात जाऊन कोल्हारला फोन लावला. मुक्ताबाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, मशीन नेलेली मी, म्हटलं. पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं,

"काटा हलतोय का?"

"हो."

"कुनाचा?"

प्रश्न मला पहिल्या झटक्यात कळला, याचीच मला जास्त भीती वाटली.

"वडिलांचा."

"तोंड बुजवलं हुतं मी," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं बुजवलं. तुमी कशाला उघडलं, बाई?"

"मावशी, आता काय करू मी? पुन्हा बुजवू?"

"बुजवू नका!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून दूर धरला. "आता न्हाई बुजवायचं, आता न्हाई—"

फोनवर सहादेवकाकांचा आवाज आला. "तिचं डोकं ठिकानावर नसतं. मनावर घेऊ नका. आन हितं फोन करू नका." नंतर तो नंबर कधी लागला नाही.

७

मग मी एवढंच ठरवलं, की मशीनला कुणी हात लावायचा नाही. मूठ उघडी आहे, उघडीच राहू दे. बाहेर नेलं तर हिंदकळेल, टेम्पोत कुणाचा हात लागेल. घरात आहे तोवर निदान माझ्या नजरेखाली आहे. बनुबाईंना सांगायचं होतं. पण काय सांगायचं, त्याचं वाक्य जुळेना. उद्या सांगू म्हणून मी दोन दिवस घालवले.

शुक्रवारी पहाटे बाबांचा आकडा ब्याऐंशीवर आला. ॲम्ब्युलन्स, स्ट्रेचर, जिना. घराला कुलूप लावताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दवाखान्यात तीन दिवस गेले. छातीत संसर्ग होता, औषधं लागू पडली. सोमवारी सकाळी त्यांचा मास्क काढून नाकात साधी नळी लावली. डॉक्टर म्हणाले, उद्या-परवा घरी न्या. मी बनुबाईंना फोन करून सांगितलं, नाना येताहेत. त्या फोनवरच रडल्या.

बाबा उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर रंग आला होता. ते मला बेलापूरच्या एका मोजणीची गोष्ट सांगत होते, दोन भाऊ, बांधावर एकच चिंचेचं झाड, आणि दोघंही म्हणत होते की झाड दुसऱ्याच्या हद्दीत टाका.

"का माहितीये?" बाबा म्हणाले. "कारण त्या झाडाखाली—"

ते थांबले. मला वाटलं आठवताहेत. त्यांनी हात गळ्याकडे नेला. तोंड उघडलं, छाती वर आली, पण कसलाच आवाज झाला नाही. मी नर्सला हाक मारली. चौघंजण आले. नळी घातली, दाबानं हवा दिली. डॉक्टर एकसारखे म्हणत होते, जात का नाहीये, जात का नाहीये. बाबांचा हात माझ्या हातात होता आणि ते माझ्याकडे बघत होते. बघणं संपलं तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

कफाचा गोळा अडकतो कधीकधी, असं मला नंतर सांगितलं. तो सापडला का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी एकटीच घरी आले, साडेअकराला. दार उघडं होतं. फरशी ओली, उदबत्तीचा वास, दिवाणावर धुतलेली चादर. बनुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हसल्या. "कुठं हायेत नाना? सगळं लख्ख करून ठिवलंय."

मी त्यांना ओलांडून आत गेले. मशीन चमकत होतं. स्टीलवर एक डाग नव्हता. काळी मूठ शेवटपर्यंत घट्ट आवळलेली होती.

काटा शून्यावर होता. हलत नव्हता.

मी मूठ उघडली. पूर्ण उघडली. तिच्यासमोर किती वेळ उभी राहिले, माहीत नाही. काटा हलला नाही.

"हे कधी पुसलंत?"

"दहाच्या आत. आल्या आल्या तेच घेतलं, लई धूळ बसली हुती." त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हातातलं फडकं खाली पडलं. "ताई? नाना कुठं हायेत, ताई?"

मी सांगितलं. त्या जमिनीवर बसून रडल्या, सख्खं माणूस गेल्यासारख्या. मी त्यांना जवळ घेतलं. बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही, अजूनही नाही.

८

तेरा दिवस घर भरलेलं होतं. बाबांची बहीण, विजयाआत्या, पुण्याहून येऊन राहिली होती. त्या दिवसांत मी काटा सकाळ-संध्याकाळ बघायचे. तो शून्यावर असायचा, खिळल्यासारखा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, जुना आजार, छातीत संसर्ग. बनुबाईंनी दहाच्या सुमारास मूठ आवळली आणि दहाच्या सुमारास बाबा गेले. जगात दहाच्या सुमारास बरंच काही होतं. आठवडाभरात मी स्वतःला इथपर्यंत आणलं होतं.

"हे आता कोण वापरणार?" आत्या एकदा मशीनकडे बघून म्हणाली. "देऊन टाक कुणाला तरी. उगीच आठवण."

"देईन," मी म्हटलं. पण त्या कपातल्या पहिल्या घोटानंतरचा बाबांचा चेहरा आठवला आणि दिलं नाही.

चौदाव्या दिवशी आत्या पुण्याला परत गेली. त्या रात्री मी दमून लवकर झोपले, काटा बघायचं राहिलं. सकाळी उठून मी हॉलमध्ये बाबांचे कागद पसरून बसले. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, आधारची प्रत, पेन्शनचा अर्ज. नऊ वाजता बनुबाई आल्या. भांडी झाली, ओटा पुसल्याचा आवाज आला. मग फडकं स्टीलवरून फिरल्याचा बारीक आवाज.

"ताई, ह्याचं बटन लई सैल राहिलंय बगा," त्या आतून म्हणाल्या. "आवळते."

राहू द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही. दुखलं नाही, कुणी गळा धरल्यासारखंही वाटलं नाही. छाती वर आली, तोंड उघडं होतं, खोलीत हवा होती, सकाळची, खिडकीतून येणारी, पडदा तिच्यानं हलत होता. ती माझ्यात येत नव्हती. बूच लावलेल्या बाटलीला तोंड लावून ओढावं तसं मी ओढत होते. मी उठले, टीपॉय आडवा झाला, कागद पायाखाली आले. बनुबाई धावत बाहेर आल्या आणि माझी पाठ थोपटायला लागल्या. मी त्यांना ढकललं. दारापर्यंत भिंतीला धरून गेले. पुढच्या चार पावलांत डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. मूठ हाताला लागली. घाम फुटल्यानं बोटं तिच्यावरून निसटली. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरली, आणि ती फिरली.

श्वास आत आला तेव्हा त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. लांब आणि फाटका.

मी ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर काटा वर जात होता आणि खाली येत होता. भराभर. मग जरा सावकाश. मग आणखी सावकाश.

बनुबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. "काय अडकलं हुतं का, ताई? काय खात हुता?"

मी काहीच खात नव्हते. त्यांनी ते माझ्या रिकाम्या हातांकडे बघून ओळखलं असावं, कारण पुन्हा विचारलं नाही. मी पाणी प्यायले. घोट घेताना काटा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"बनुबाई, या मशीनला हात लावायचा नाही. पुसायचंसुद्धा नाही."

"बरं." त्यांनी फडकं उचललं, झटकलं, घडी घातली. मग, दूध बंद ठेवायचं म्हटल्यावर विचारतात तसं, सहज विचारलं, "किती दिवस?"

उत्तर द्यायला मी श्वास घेतला. काटा वर गेला.